विषय: कोल्हापुरात मावशींसाठी कुणी आहे का?

मंगळवार, रात्री ११.४० (ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा मेल घुसवतेय, रागावू नका. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी बावीस वर्षं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी परवा त्यांच्या घरी मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय. शेजारच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावून दिला, तर पडल्या पडल्या मलाच विचारतात, "जेवलीस का गं?"

एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. तिथे आधी ऐंशी हजार भरा म्हणाले, म्हणून घरी आणून निजवलंय. नवरा नाही. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर असतो, फोन उचलत नाही. आई-बाबा गेल्यापासून आमचं घर बंद आहे आणि नातेवाईक सगळे पुण्याला.

ज्येष्ठांसाठीचा १४५६७ नंबर इथून लावत बसले होते. हे छोटे नंबर भारताबाहेरून लागतच नाहीत, हे मला आज कळलं. कुणाच्या ओळखीची संस्था आहे का तिकडे? पैशाचं मी बघेन. मंडळाच्या मदतनिधीतून काही जमेल का?

बुधवार, सकाळी ७.१५ (खजिनदार)

ताई,

> मंडळाच्या मदतनिधीतून काही जमेल का?

नाही जमणार, आणि हात आखडतोय म्हणून नाही. आपलं मंडळ ऑस्ट्रेलियात नोंदलेलं आहे, म्हणजे तिकडच्या कायद्याने 'विदेशी स्रोत'. ज्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी आहे तिलाच आपला पैसा घेता येतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचा, हा रस्ताही बंद झाला. उद्या एखाद्या गल्लीतल्या मंडळाला आपण पैसे पाठवले तर गोत्यात ते येतील, आपण नाही.

तुमचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ना? मग स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत तुम्ही दिलेले पैसे विदेशी धरत नाहीत. माझा कांगारूचा झाला, मी दिले की धरतात. गंमत आहे, पण आहे असं आहे.

आणि एक आठवण करून देतो. २०१९ च्या महापुरात आपण कपड्यांच्या गाठी बांधल्या होत्या. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, गाठी पुण्यात पडून. पोचल्या तेव्हा शिरोळमध्ये आधीच जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते आणि लोकांना हवे होते घरातला गाळ काढणारे हात. तेव्हा आधी तिथलं कुणीतरी बघा.

बुधवार, दुपारी १२.०५ (मंडळातले आणखी एक)

मुलगा असून बघत नाही म्हणजे काय? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांत अधिकाऱ्यांकडे मुलाविरुद्ध निर्वाह भत्त्याचा अर्ज ठोका. वकीलसुद्धा लागत नाही.

शुक्रवार, रात्री १०.३० (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

ताई, काल फोनवर मी "मावशींच्या गल्लीत तालीम कुठली?" एवढंच विचारलं आणि ठेवला, त्याचा तुम्हाला राग आला असणार. पण इथे गल्लीच्या अडीनडीला तालमीची पोरंच धावतात, संस्थेचे फोन नंबर शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. चार वर्षांपूर्वी आईसाठी मेलबर्न सोडून परत आलो, तेव्हा हे मलाही ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळीच तालमीत गेलो. पाच-सहा पोरं कॅरमवर होती. नाव सांगितल्यावर एकजण उठलाच, "आमच्या घरीबी भांड्याला हुत्या की त्या!" १०८ ला फोन त्यानेच केला. मावशींचं घर वरच्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. स्ट्रेचर वळेना, तेव्हा चौघांनी सतरंजीसकट उतरवलं. पालखी उतरवावी तसं. मावशी वरून ओरडत होत्या, "कडी लावा रं दाराला!"

थोरल्या दवाखान्यात (खजिनदारसाहेब, आपलं सरकारी सीपीआर हो, विसरलात काय) भरती झाली. खरी गंमत पुढे. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. मी मोठ्या ऐटीत आधार काढलं, तर त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९५८! म्हणजे सत्तर नाहीतच. मावशी म्हणाल्या, "कोयनेच्या भूकंपाला माझं लगीन झाल्यालं, थोरला पोटात हुता." भूकंप १९६७ चा. आधार खरं मानलं तर तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पण संगणक भूकंप कुठे मानतो?

मग उपचारांची दुसरी, महात्मा फुले योजना. आता रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. दवाखान्यातच आरोग्यमित्र बसतात, त्यांच्या टेबलावर कार्ड आणि आधार ठेवायचं. तिथे बोटाचा ठसा उमटेना. चार वेळा पुसून बघितलं. राखेनं आणि तारेच्या घासणीनं सगळ्या रेषाच गेल्यात हो. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. ऑपरेशन योजनेत बसलंय, सोमवारी करतो म्हणालेत.

रात्री थांबायचा प्रश्न होता. बायकांच्या वॉर्डात बाईच लागते, तालमीची पोरं तिथे काय कामाची? गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या. पहिल्या रात्री बसलेल्या काकूंनी वही केलीय. औषध किती वाजता, लघवी किती वेळा, कोण भेटायला आलं. डॉक्टरसुद्धा ती वही मागून घेतात.

मुलावर अर्जाचं मी विचारलं. मावशी तोंड फिरवून म्हणाल्या, "लेकावर केस घालू व्हय?" विषय संपला. तालमीतला एकजण रविवारी इचलकरंजीला जाऊन येतोय, बघू.

श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज करायचाय, महिना १,५०० मिळतात. ६५ ला बसतं, तिथे आधार आडवं येत नाही. पण वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. आणि हे सगळं मिळतं तहसीलमध्ये, जिथे खुबा मोडलेल्या बाईनं कसं जायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी जाईन.

वॉकर तालमीत आहे. जिन्याखाली, गणपतीच्या आरासीचे पत्रे आणि हलग्या यांच्यामागे. दोन कॉट, एक व्हीलचेअरही आहे. कुणाचं माणूस गेलं की घरचे आणून ठेवतात, पुढच्याला लागलं की तो घेऊन जातो. पावती नाही, डिपॉझिट नाही.

अडचण एकच उरलीय. ऑपरेशननंतर त्या जिना चढणार नाहीत आणि खाली बसायची संडास चालणार नाही. महिन्या-दोन महिन्यांसाठी तळमजल्याची जागा कुणाकडे आहे का?

शनिवार, सकाळी ६.१० (ग्लेन वेव्हर्ली)

दादा, राग आलाच होता. आता गेला.

बोटांचं वाचल्यावर उठून ओट्याशी जाऊन उभी राहिले. ती राख आमच्याच चुलीची. सरकारच्या घरेलू कामगार मंडळात नोंदणी १८ ते ६० वयातच होते, म्हणजे मावशींची वेळ गेली. आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही, आणि मी घरची शिकलेली म्हणवून घ्यायचे.

तळमजला आमचाच आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात खालच्या खोलीला कमोड बसवून घेतला होता. किल्ली पुण्याला आत्याकडे, तिचा मुलगा उद्या पहाटेच्या गाडीने घेऊन निघतोय. दिवसा सोबतीला राहणाऱ्या बाईचा पगार मी माझ्या खात्यातून पाठवेन, तेवढी बाई बचत गटातलीच बघा.

फक्त नळाचं कनेक्शन आम्ही तोडून घेतलं होतं. सोमवारच्या आत प्लंबर मिळेल का? आणि मोरीत त्या रबरी जाळीच्या चटया टाकून घ्याल? मापं आतेभाऊ कळवेल.