'तारा' म्हणजे चांदणी की तारणारी?

गोदाकाठ, नांदेड: बारशाच्या गटांत पोस्ट फिरतेय: 'तारा हे नाव आपलंच, इराण-आयर्लंडात इथूनच गेलं.' कशाला ठोकून देता? आयर्लंडचं तारा ही मीथ परगण्यातली टेकडी. जुन्या आयरिशीतल्या 'तेमैर'चं इंग्रजीत तारा झालं, चांदणीशी काडीचा संबंध नाही. फारसी 'सितारा' नात्यातली, पण इथून गेलेली नाही. दोन्हींचं मूळ एक. ऋग्वेदात 'स्तृभिः' (ताऱ्यांनी) येतं, म्हणजे 'स' आपल्याकडेही होता. आपण गाळला, फारसीनं ठेवला.

लेणीवेडा: चांदणीपाशीच अडकलात. बौद्ध देवी तारा 'तॄ' धातूवरून, पैलतीरी नेणारी. तिबेटीत तिचं नाव डोल्मा, म्हणजे सोडवणारी. चांदणीला त्यांच्याकडे 'कर्मा' शब्द होता, तो घेतला नाही. आणि वेरूळच्या ९ क्रमांकाच्या लेण्याची दर्शनी भिंत बघा की: तारा, भोवती साप, हत्ती, आग, फुटतं जहाज, म्हणजे ती ज्यांतून तारते ती संकटं. यात चांदणी कुठंय?

गोदाकाठ: बौद्ध तारेपुरतं मानलं. पण बृहस्पतीची बायको तारा, तिला पळवणारा चंद्र, त्यांचा मुलगा बुध. सगळी आकाशातली मंडळी. तिथं तारणारी बसवून दाखवा.

तुळजाई, धाराशिव: अर्थ बघतंय कोण? पाळण्याशी अक्षर बघतात. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात, म्हणजे पाव भागात, त्याचं अक्षर. 'ता' म्हणजे स्वातीचा चौथा चरण, तूळ रास. लगेच विशाखा, तिथं 'ती'. चरण ३ अंश २० कलांचा, चंद्र सहाएक तासांत ओलांडतो. जन्मवेळ अंदाजे सांगितली की अक्षर बदललं, आणि दोष भटजींना!

बिंदुसरा: मग पाळण्यातलं नाव एक, दाखल्यावर दुसरं, शाळेत तिसरं. तिथंच घोळ होतो. जन्म २१ दिवसांत नोंदवा. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा राहू द्या. १२ महिन्यांत फुकट भरता येतं, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. घाईनं भलतंच लिहिलं की दुरुस्तीला पुरावे गोळा करत फिरा.

तुळजाई: पाळण्यातलं नाव दाखल्यावर घालायला सांगतंय कोण? ते पत्रिकेपुरतं असतं.

बिंदुसरा: तेच तर लोकांना कुणी सांगत नाही! शिवाय इंग्रजीत 'ता'ला एक ए की दोन, हे दाखल्याआधीच ठरवा. दाखल्यावर एक, आधारवर दोन झाले की पासपोर्टला अडतं.

लेणीवेडा: धागा नावाच्या अर्थाचा होता, तहसीलचा नाही. गोदाकाठ, बृहस्पतीच्या तारेला चांदणी म्हणा, हरकत नाही. वेरूळची मात्र तारणारीच.

गोदाकाठ: वेरूळची तुमची. आयर्लंडची टेकडी तेवढी पोस्टवाल्यानं काढावी.