दर कमी करा म्हणण्याआधी मत कुणी दिलं ते विचारा

तापीकाठ (जळगाव)
काल गटावर एक पोस्ट फिरली. "वीज खान्देशात तयार होते आणि बिल पुण्याएवढंच भरायचं? विधानसभेत दर कमी करण्यावर मतदान घ्या. जो आमदार हात वर करणार नाही, त्याला पाडा." लोकांनी ती धडाधड पुढे पाठवली. माझ्या सख्ख्या मेहुण्यानेही पाठवली. मला ते सहन झालं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

विधानसभेत विजेच्या दरावर मतदान होतच नाही. 2003 च्या वीज कायद्याने ते काम राज्य वीज नियामक आयोगाला दिलंय. युनिटचा दर, स्थिर आकार, वहन आकार हे सगळं तिथे सुनावणी होऊन ठरतं. मग आमदार मोकळे? अजिबात नाही. बिलातली "वीज शुल्क" ही ओळ काढून बघा. घरगुती ग्राहकाला 16 टक्के. माझ्या मागच्या बिलात 212 रुपये होते. हा कर राज्याचा, त्याचा कायदा विधिमंडळाचा, 2016 चा. तो कमी करायला आयोगाची गरज नाही.

दुसरी गोष्ट अनुदानाची. कायद्याचं कलम 65 सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तेवढे पैसे आगाऊ भरा. ते पैसे ऊर्जा खात्याच्या मागण्यांत (सरकार खर्चासाठी सभागृहाकडे मागतं ती रक्कम) येतात, कधी पुरवणी मागण्यांत. आणि मंजूर कसे होतात? "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे... होयचे बहुमत." संपलं. आवाजी मतदानात कोण होय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. कुणीतरी मतविभाजन, म्हणजे दोन्ही बाजूंची मोजणी, मागितलं तरच नावं कागदावर येतात.

दिल्लीतही तेच. वीज दुरुस्ती विधेयक 8 ऑगस्ट 2022 ला लोकसभेत मांडलं, स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 ला लोकसभेसोबत संपलं. ते मंजूर करायचं की नाही यावर मतदान झालंच नाही, मग आपल्या खासदाराला जाब कशाचा विचारणार? म्हणून माझी मागणी एकच आहे. ऊर्जा खात्याच्या मागण्यांवर आणि वीज शुल्कावर मतविभाजन मागा. खान्देशातला प्रत्येक आमदार कुठल्या बाजूला उभा होता ते आम्हाला दिसू द्या.

भुसावळ_जंक्शन
ती पोस्ट माझीच. कायदा तुम्हाला जास्त कळत असेल, पण दुखणं खोटं आहे का? दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आहेत. पाणी हतनूर धरणाचं, राख इथल्या शिवारात. साक्रीला शिवाजीनगरचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि जीव सोडला. त्याच्या जिल्ह्याला स्वस्त वीज मागितली तर चूक काय?

तापीकाठ (जळगाव)
मागणी चूक नाही, दार चुकीचं आहे. वीज ग्रिडमध्ये जाते, दर त्या वितरण कंपनीच्या एकाच वर्गातल्या सगळ्या ग्राहकांना सारखा. प्रकल्पाजवळच्या गावांना वेगळी सवलत हवी असेल तर पुन्हा कलम 65 आणि पुन्हा तीच मागणी. म्हणजे पुन्हा सभागृहच.

जुना_लेखापाल (धुळे)
तापीकाठ, मुद्दा चांगला मांडलात, पण पक्षादेश विसरलात. 1985 पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आहे. पक्षाने व्हिप काढला आणि आमदाराने विरोधात मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यातून ऊर्जा खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करा असा प्रस्ताव, मंजूर झाली तर सरकारवरच अविश्वास धरला जातो. सत्तेतला कुठला आमदार हे करेल? तुमच्या मतविभाजनातून पक्षाची यादी हाती लागेल, आमदाराचं मन कळणार नाही.

केळीबाग_यावल
व्हिप, कलम, यादी. इथं केळी वाळतेय, भो.

2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल माफ. माझ्या बोअरचं पाणी 550 फुटांवर गेलंय. 7.5 ची मोटर पाणी वर आणते, पण ठिबकला दाब मिळत नाही. मग 12.5 ची बसवली. तेवढ्यावरून मी माफीतून बाहेर. बांधाला लागून विहीरवाला आहे, त्याची मोटर 5 ची, त्याला बिल शून्य. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं की झाड कमरेतून मोडतं. ही अट कुणाच्या मताने आली? त्याची यादी काढा आधी.

यंत्रमाग_धुळे
आणि त्या माफीचे वर्षाला 14,760 कोटी येतात कुठून? आमच्याच करातून. शिवाय उद्योगाचा दर चढा ठेवून शेतीचा दर खाली ठेवतात, ते वेगळंच. माझे 12 माग आहेत. मागच्या दिवाळीत 4 बंद केले. कापड विकून वीज भरायची की कामगाराला द्यायचं, हे दर महिन्याला ठरवावं लागतं. शेतकऱ्याचं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात. मी बसणार नाही.

केळीबाग_यावल
तुमचा माग दिवसा चालतो ना? आमची मोटर रात्री दोनला चालू होते. माझा चुलतभाऊ 2019 च्या थंडीत मोटर सुरू करायला गेला, साप चावला. जीव वाचला, पण डाव्या पायात अजून जोर नाही. 2017 ला चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हाही लोक रात्री पाणी भरायला जातच होते. तुम्ही एक रात्र या आमच्या बांधावर, मग कराचा हिशोब मांडा.

चोपडेकर
सापाचं वाईट वाटलं. पण कडू बोलतो. यावल-रावेरचं पाणी 550 फुटांवर गेलं कशाने? पावसाने नाही, उपशाने. ज्या मोटरला बिल नाही ती वेळेवर बंद कोण करतं? ऑटो लावून झोपतात. लाईट आली की मोटर चालू, रान भरलं तरी चालूच. माझ्या वडिलांच्या हातची विहीर 45 फुटांवर भरलेली असायची. ती कोरडी पडून पंधरा वर्षं झाली. आता 12.5 ची मोटर माफ केली तर पुढच्या पिढीने 900 फूट खणायचं का?

केळीबाग_यावल
ऑटो का लावतो? लाईट रातले येस म्हणून! दिवसा आठ तास द्या, उद्या ऑटो काढून फेकतो. शेतकऱ्याला उधळ्या म्हणणारे घरात रात्रभर एसी लावून झोपतात.

चोपडेकर
उधळ्या म्हटलेलं नाही. आणि माझ्या घरी एसी नाही. तोंडात शब्द घालू नका.

जुना_लेखापाल (धुळे)
दोघेही थांबा. ऑटोबद्दल केळीबागांचं मला मान्य करावं लागेल. सौर कृषी वाहिनीत, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला (फीडरला) सौर वीज देण्याच्या योजनेत, उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं, आणि त्या फीडरवर शेतीला दिवसा वीज देता येते. ज्या गावात ती झाली तिथे रात्रीची पाळी सुटते. झाली नाही तिथे ऑटो राहणारच. मी 31 वर्षं हिशोब तपासले, शेतकऱ्याने ऑटो का लावला हे कधी विचारलं नव्हतं.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे दर, शुल्क, माफी, सगळं बोलून झालं. स्वस्त वीज कुठे गेली?

तापीकाठ (जळगाव)
व्हिपचं मी लिहायला हवं होतं, ते राहिलं. लेखापाल बरोबर आहेत. पण मतविभाजन मागायला विरोधी बाकावरच्या आमदाराला कुणाचा व्हिप आडवा येतो? तोसुद्धा बाहेर पायऱ्यांवर घोषणा देतो आणि आत आवाजी मतदान होऊ देतो. मला त्याचाही जाब हवाय. मतविभाजनाच्या मागणीचं पत्र लिहितोय. भुसावळकर, तुमची प्रकल्पाशेजारच्या गावांची सवलत मी त्यात घालतो. काल तुमच्यावर रागावलो होतो, पण ती मागणी रास्त आहे.

जुना_लेखापाल (धुळे)
विरोधकांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पत्राचा मसुदा पाठवा, कलमं तपासून देतो.

केळीबाग_यावल
माझी सही घ्या. पण 7.5 ची अट काढा ही ओळ त्यात नसेल तर घेऊ नका.

तापीकाठ (जळगाव)
ती ओळ त्या पत्रात नाही घालत, दोन्ही मागण्या अडकतील. दोन पत्रं करू. माझी सही दोन्हींवर.

चोपडेकर
पहिल्यावर माझी घ्या. दुसऱ्यावर दिवसा वीज मागणार असाल तरच, मोटर मोठी करण्यासाठी नाही.

केळीबाग_यावल
दिवसा वीज आधी लिहा. मोटरचं खाली लिहा. शनिवारी यावलला या, बाग दाखवतो आणि बोअरही.