'स्त्रीपुरुष तुलना' गटात वाचताना अडलंय. क्रम, आवृत्ती, टिपणं कशी करावीत?

गोधडी (प्रश्न)
आठ जणींचा वाचनगट आहे. महिन्यातून दोन बैठका, प्रत्येकी दीड तास. यंदा स्त्रियांच्या इतिहासावरचं ललितेतर वाचायचं ठरलंय. सुरुवात ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'पासून केली आणि दुसऱ्याच बैठकीत गाडी अडली. वाक्यं लांबलचक, मध्येच पुराणातली नावं, आणि बाई नेमक्या कोणावर चिडल्यात तेच उमगत नाही. काहीजणी म्हणतात आधी प्रस्तावना वाचू, काहीजणी म्हणतात हे बाजूला ठेवून आत्मचरित्रं घेऊ. क्रम कसा लावावा? आणि टिपणं कशी करावीत, म्हणजे नंतर उपयोगी पडतील?

शाईदौत
सोडू नका. तुम्ही अडलात, कारण हे पुस्तक म्हणजे उत्तर आहे आणि ज्याला उत्तर दिलंय ते तुमच्या समोर नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर तान्ह्या बाळाला मारल्याचा खटला झाला. फाशी सुनावली गेली, मग अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या वाढत्या 'अनीती'वर लेख येऊ लागले. 'पुणे वैभव'मधल्या अशाच एका लेखाने ताराबाईंनी लेखणी उचलली. बुलढाण्यात राहणारी बाई, वडील सत्यशोधक समाजातले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं, ५०० प्रती, किंमत ९ आणे. एवढं फळ्यावर लिहून मग वाचायला बसा.

प्रस्तावनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खटल्याची हकीकत आणि छपाईचा तपशील तेवढा आधी वाचा, बाकीची प्रस्तावना पुस्तक संपल्यावर. आधी सगळी वाचली की गट संपादकाचीच वाक्यं बोलायला लागतो आणि मूळ लेखिका मागे पडते.

शीर्षकापाशीच थोडं थांबा. पूर्ण नावात 'स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण' असं आहे. आज साहस म्हणजे धाडस. तो अर्थ धरलात तर पुस्तक उलटं लागेल. इथे साहस म्हणजे अविचाराने केलेलं दुष्कृत्य. म्हणजे प्रश्न आहे, खरा गुन्हेगार कोण. असे अर्थ बदललेले शब्द मागच्या कोऱ्या पानावर टिपत जा. पंधरा-वीस शब्दांत वाचन सुटं होतं.

वाचायची रीत: मोठ्याने, एका बैठकीला ८ ते १० पानं, त्याहून जास्त नाही. लांब वाक्यात जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. हे लिखाण बोलण्याच्या लयीतलं आहे, डोळ्यांनी वाचताना जे तुटतं ते कानाला सरळ लागतं. पुराणातल्या नावांसाठी वाचन थांबवू नका. एकीने यादी करावी आणि पुढच्या बैठकीला प्रत्येक नावाची दोन ओळींत ओळख आणावी.

टिपणांना वहीत तीन रकाने पाडा: आरोप, पलटवार, दाखला. बाई बायकांवरचे ठरीव आरोप एकेक उचलतात आणि पुरुषांकडे वळवतात. विधुराला दुसरं लग्न मोकळं, मग विधवेलाच बंदी का, हा मुद्दा कुठे कुठे फिरून येतो ते रकान्यांत लगेच दिसतं. सारांश लिहीत बसलात तर हातात फक्त 'ताराबाईंनी पुरुषांवर टीका केली' एवढंच उरतं.

आणि १८८२ हे साल आडवं वाचा. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' छापली. त्या पुस्तकात बायकांना शहाणपण शिकवलंय, ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. दोन्हींची दहा-दहा पानं एका बैठकीत शेजारी ठेवा.

बांधावरची
वरचं सगळं पटतं, क्रम मात्र नाही. पहिली बैठक मुक्ता साळवेच्या निबंधाला द्या. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन हप्त्यांत आला. फुल्यांच्या शाळेतली, चौदाएक वर्षांची मांग समाजातली मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते. एका बैठकीत वाचून चर्चाही होते. ताराबाईंच्या २७ वर्षं आधीचा मजकूर आहे. तो आधी वाचला की 'स्त्री' हा शब्द दिसला की कोणत्या जातीतली स्त्री, हे विचारायची सवय लागते. ती सवय नसली की केशवपन आणि सक्तीचं वैधव्य हे सगळ्याच बायकांचं दुःख म्हणून वाचलं जातं. अनेक जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करायची रीत आधीपासून होती.

याच कारणाने १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा नुसता 'सुधारणा' म्हणून टिपू नका, त्याचं कलम २ वाचा. पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. जिथे पाट आधीच मान्य होता, तिथल्या बायकांनाही मुंबई हायकोर्टाने हे कलम लावलं. म्हणजे ज्यांना कायद्याची गरजच नव्हती, त्यांचं हातातलं शेत गेलं. मला वाटतं, सामाजिक अन्यायावरचं कोणतंही पुस्तक वाचताना कायद्याचं नाव आलं की मूळ कलम काढून वाचावंच. बहुतेक कलमं चार-पाच ओळींचीच असतात.

ताराबाईंनंतर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) घ्या. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती त्यात आहेत. २० जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद शालेय पुस्तकांत शोधूनही सापडत नाही, ती इथे भेटते.

गोधडी
खूप मदत झाली. आता एक अडचण: रखमाबाईंच्या खटल्याचं साल प्रत्येक ठिकाणी वेगळं. १८८४, १८८५, १८८७, कोणतं धरायचं?

तारीखवार
सगळी बरोबर आहेत, टप्पे वेगळे आहेत. १८८४ ला नवरा दादाजी भिकाजी याने बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८६ ला अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. जुलै १८८८ ला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. वहीत 'खटला: १८८७' असं कधीच लिहू नका. दावा, निकाल, अपील, शेवट अशा चार तारखा लिहा.

याच्याच जोडीला होणारी चूक: १८९१ चा संमतीवयाचा कायदा लग्नाचं वय ठरवत नाही. त्याने शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ हे १९२९ च्या सारडा कायद्याने आलं, अंमल १ एप्रिल १९३० पासून.

आत्मचरित्रांनाही हीच शिस्त लावा. प्रत्येकाला तीन तारखा: घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, पती न्यायमूर्ती रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती. लग्नाचं साल १८७३. मधलं अंतर काढा आणि मग विचारा की कोणासाठी, कोणाच्या देखत लिहिलंय. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ ला आलं. त्यांनी ते कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. एकीत पतीचा आदर जपायचाय, दुसरीत लिहिलेलं सापडण्याची भीती. हे ध्यानात न घेता एकीला 'गप्प' आणि दुसरीला 'बंडखोर' म्हणणं दोघींवर अन्याय आहे.

जुन्या छापील मजकुरात शके दिसलं तर ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९.

शाईदौत
आवृत्तीचं राहिलं होतं. मूळ पुस्तक विस्मरणात गेलेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ ला पुन्हा छापलं. ताराबाईंचा मजकूर कॉपीराइटमुक्त आहे, मालशांची प्रस्तावना नाही. तेव्हा आठ जणींसाठी झेरॉक्स काढताना फक्त मूळ मजकुराची काढा. स्वस्त आवृत्त्यांत शुद्धलेखन आजचं करताना शब्दही बदललेले असतात. घेण्याआधी शीर्षकातलं 'साहसी' आहे का तेवढं पाहा. आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर अर्धी बैठक पान शोधण्यात जाते.