बाहेर पळायची सवय टिकवणारं ॲप सुचवा

गुळांबा:
मंडळी, वय ४२, मुक्काम कोथरूड. वर्षातून दोनदा पळायला सुरुवात करतो, जानेवारीत आणि पाऊस संपला की. नव्याचे नऊ दिवसही पुरे होत नाहीत, बूट गॅलरीत जातात ते थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडतात. यावेळी एक ॲप टाकलं, त्यात सलग किती दिवस पळालो ते दिसायचं, चक्क ११ दिवस झाले आणि १२व्या दिवशी आत्याच्या तेराव्याला साताऱ्याला जावं लागलं, आलो तर आकडा शून्य! इतका वैताग आला की ॲपच उडवलं, पळणंही गेलं.
ट्रेडमिल नको, एआरएआय टेकडी घराजवळ आहे. घड्याळ नाही, फक्त फोन. फुकट असेल तर उत्तम.

भल्यापहाटे:
डोळे मिटून स्ट्राव्हा घाला. अंतर, वेग, नकाशा फुकटात मिळतं, आणि चार ओळखीची माणसं त्यावर असली की झालं, रविवारी नाही गेलो तर सोमवारी ऑफिसात विचारतात. त्यात 'लोकल लेजंड' म्हणून प्रकार आहे, एखाद्या पट्ट्यावर ९० दिवसांत सगळ्यात जास्त वेळा जो जाईल तो, वेगाशी संबंध नाही. आमच्यासारख्या कासवांची सोय.

चिंचगुळी:
फक्त आधी सेटिंगमधे जाऊन नकाशाचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवा, नाहीतर तुमचं घर कुठे आणि तुम्ही किती वाजता बाहेर असता ते अख्ख्या गावाला कळतं. २०१८ मधे याच ॲपच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या पळण्याच्या रेघा एकत्र दाखवणारा नकाशा) सैन्याचे तळ दिसले होते, सैनिक तळाच्या आत पळायचे त्या रेघा! बायकांनी तर हे पहिलं करावं.

लीड्सकर:
मला वाटतं तुमची गडबड ॲपची नाहीये, पहिल्याच दिवशी दम लागेपर्यंत पळत असाल. 'काउच टू फाइव्ह के' बघा, सोफ्यावरून उठवून हळूहळू ५ किमी पळायला लावणारा प्लॅन. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मधे हा प्लॅन काढला, आता त्याची ढीगभर ॲप आहेत. इकडे इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवेचंच (एनएचएस) आहे, ९ आठवडे, आठवड्यातून तीनदाच. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं झपाझप चालायचं, मग १ मिनिट पळ, दीड मिनिट चाल, असं २० मिनिटं. कानात बाई सांगते 'आता चाला' आणि आपण मुकाट चालतो, लाज वाटत नाही. सलग दिवसांची भानगडच नाही, मधले दिवस सुट्टीचेच असतात, त्यामुळे तेरावं असो की बारसं, काही बिघडत नाही. पाचव्या आठवड्यात मात्र एकदम सलग २० मिनिटं येतात, आदल्या वेळी ८-८ मिनिटांचे दोन तुकडे आणि आता थेट हे, मी आदल्या रात्री झोपलो नव्हतो, पण झालं. जमलं नाही तर तोच आठवडा परत करायचा, कोण विचारतंय.

पाववडा:
कंटाळा हा प्रॉब्लेम असेल तर 'झॉम्बीज, रन!' ट्राय करा, २०१२ पासून आहे. इंग्रजीत गोष्ट चालू असते आणि मधेच मागे भुतं लागतात, वेग वाढवायचा. मी एकदा पहाटे हेच ऐकत होतो आणि मागून खरी कुत्री आली. तो किलोमीटर माझा आजवरचा सगळ्यात फास्ट. कान पूर्ण बंद करणारे हेडफोन घालू नका ही कळकळीची विनंती.

भल्यापहाटे:
अजून एक, कुठलंही ॲप घ्या पण फोनच्या बॅटरी सेटिंगमधे त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. माझा फोन स्क्रीन बंद झाली की ॲपचा गळा दाबायचा, ७ किमी पळून घरी आलो तर २.३ दाखवत होता, दारातच बसलो.

गुळांबा:
@लीड्सकर, बरोबर पकडलंत, पहिल्याच दिवशी टेकडी चढत पळतो मी. प्लॅनवालं टाकलंय, मंगळ-गुरु-शनि. टेकडी सध्या नको, खालीच सपाटीवर. आज पहिला दिवस केला, पळायचा सहावा तुकडा संपला तेव्हा शेजारचे काका कुत्रं घेऊन समोरून आले नि नेमकं तेव्हाच चालायचं होतं, म्हणाले दमलास का रे. त्यांना ॲप समजावत बसलो त्यात पुढचं मिनिट हुकलं. ते मोजायचं का परत?

लीड्सकर:
नाही हो. पळा.