मागे जादा बाइट जोडलेली आरपीसी विनंती एनएफएस सर्व्हरने सरळ नाकारावी का?

महापेकर
एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरायची सोय, आणि आरपीसी विनंती म्हणजे त्यासाठी सर्व्हरला पाठवलेलं काम. माझं मत: नाकारावी. आणि तपासणी कर्नलमध्येच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), विनंती अमलात यायच्या आधी व्हावी.

एनएफएस व्हर्जन २ ची रीडडिर, म्हणजे फोल्डरमधली यादी मागणारी विनंती, घ्या. आरपीसी हेडरचे पहिले २४ बाइट: एक्सआयडी (विनंतीचा ओळखक्रमांक), कॉल की रिप्लाय, आरपीसी व्हर्जन, प्रोग्राम नंबर १००००३, त्याचं व्हर्जन, प्रोसिजर. मग क्रेडेन्शियल आणि व्हेरिफायर (मागणारा कोण ते). मग ३२ बाइटचं फाइल हँडल (फाइल किंवा फोल्डरची खूण), ४ चा कुकी (यादी कुठून पुढे), ४ चा काउंट (किती बाइट हवेत). संपली विनंती. पण टीसीपीवर या सगळ्याच्या आधी ४ बाइटचा रेकॉर्ड मार्कर येतो आणि त्यातली लांबी पाठवणारा ठरवतो. तो मागे हजारो बाइट कचरा जोडू शकतो. लिनक्सचा सर्व्हर हवं तेवढं वाचायचा आणि उरलेल्याकडे दुर्लक्ष करायचा.

हे दुर्लक्ष महागात पडतं, कारण सर्व्हरचा प्रत्येक थ्रेड विनंती आणि उत्तर मेमरीतल्या पेजेसच्या एकाच ॲरेत ठेवतो. एकाच वहीत पुढून प्रश्न लिहायचा आणि उरलेल्या पानांवर उत्तर. एरवी भागतं: रीडला प्रश्न छोटा आणि उत्तर मोठं, राइटला उलटं. रीडडिरमागे कचरा भरला की उत्तराला पानं पुरत नाहीत आणि कोड हद्दीबाहेर लिहितो.

२०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-७६४५ याच कारणाने आली (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या जाहीर त्रुटीचा नोंदक्रमांक). तेव्हा मोठी विनंती आणि मोठं उत्तर एकत्र येऊ नये एवढीच तपासणी घातली. जादा बाइट असलेली विनंती नाकारणं जास्त सुरक्षित आणि नियमात बसणारं आहे, पण एखादा जुना क्लायंट बंद पडेल, असं त्या पॅचच्या (दुरुस्तीच्या) टिपणातच लिहिलंय. २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-४३९४५ आली. पुन्हा तोच मागे जोडलेला कचरा, पुन्हा उत्तराचा बफर (राखलेली जागा) अपुरा. आणखी किती वर्षं त्या एका क्लायंटसाठी थांबायचं?

रबाळे_शॉपफ्लोअर
महापेकर, तो जुना क्लायंट तुमच्यासाठी कल्पनेतला असेल, मी रोज त्याच्यासोबत काम करते. आमच्या एमआयडीसीतल्या युनिटमध्ये मोजमापाच्या मशीनचे कंट्रोलर आहेत. रिपोर्ट एनएफएसवर टाकतात, फर्मवेअर बदलता येत नाही, बनवणाऱ्याने सपोर्ट कधीच बंद केलाय. सर्व्हरने उद्या विनंती नाकारली तर पार्ट मोजला जाईल, रिपोर्ट येणार नाही, माल गेटवर अडकेल. तुम्ही अपग्रेड करून घरी जाल, मला सुपरवायझरपुढे उभं राहायचंय.

आणि दोष कुठे आहे ते नीट बघा. आरपीसीच्या नियमाप्रमाणे ती विनंती व्यवस्थित आहे, २०२२ च्या सीव्हीईच्या वर्णनातही तसंच म्हटलंय. चूक आहे ती उत्तराला किती जागा उरली हे न मोजता लिहिण्याची. २०२२ ची दुरुस्तीही तिथेच झाली. क्लायंटने मागितलेला काउंट उरलेल्या बफरइतका छाटला. हिशेब बरोबर असेल तर मागे कचरा असो वा नसो, काही बिघडत नाही. हिशेब चुकीचा असेल तर तुमची तपासणी एक वाट बंद करेल, दुसरी उघडी राहील.

वागळे_सिस्टिम
व्हर्जन २ आणि ३ बंदच करा की. ४.१ मध्ये सेशन उघडतानाच विनंती आणि उत्तराची कमाल लांबी दोन्ही बाजू ठरवतात.

रबाळे_शॉपफ्लोअर
कंट्रोलरला ४.१ येत नाही हो. येत असतं तर हा वादच नव्हता.

घणसोली_सी
मला तर हे पार्सिंग (विनंती उलगडणं) कर्नलमध्ये असणंच पटत नाही. गणेशा हा एनएफएस सर्व्हर यूझरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारखा, चालतो. तिथे हद्दीबाहेर लिहिलं तर एक प्रोसेस मरेल, मशीन नाही.

महापेकर
घणसोली, प्रोसेस मेली तरी हार्ड माउंट केलेले (उत्तर येईपर्यंत वाट बघणारे) क्लायंट ती परत उठेपर्यंत लटकणारच. आणि हल्लेखोराला त्या प्रोसेसचा ताबा मिळाला तर सगळ्या एक्स्पोर्टचा (वाटून दिलेल्या फोल्डरचा) डेटा त्याच्या हातात. जागा बदलली, चूक तीच राहिली.

रबाळे ताई, हिशेबाचा मुद्दा मान्य. पण उत्तर एन्कोड करण्याच्या (बाइटमध्ये मांडण्याच्या) ठिकाणांची यादी लांब आहे आणि प्रत्येक ठिकाणी हिशेब बरोबर हवा. मागचे बाइट तपासायची जागा एकच, डीकोड (विनंती वाचून उलगडणं) संपल्याबरोबर. नकाराचं उत्तरही आरपीसीत तयार आहे: गार्बेज आर्ग्ज (विनंती उलगडता आली नाही), कोड ४. लिनक्सचा क्लायंट ते मिळाल्यावर पुन्हा पाठवून बघतो आणि शेवटी ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली एरर) देतो. म्हणजे निदान एरर दिसते.

तुमच्या कंट्रोलरसाठी सूट ठेवता येईल. एक्स्पोर्टनुसार नाही, कारण कुठला एक्स्पोर्ट ते डीकोड झाल्यावर फाइल हँडलवरून कळतं. पण क्लायंटचा आयपी त्याआधीच, ऑथेंटिकेशनच्या वेळी ओळखला जातो. त्यावर सूट द्या.

रबाळे_शॉपफ्लोअर
आमचे सगळे कंट्रोलर एका राउटरमागून येतात, सर्व्हरला एकच आयपी दिसतो. त्याच राउटरमागे ऑफिसचे लॅपटॉपही आहेत. एकाला सूट म्हणजे सगळ्यांना.

माझी अट एवढीच: आधी काही आवृत्त्या नुसतं लॉगमध्ये नोंदवा, नाकारू नका. आमच्या कंट्रोलरच्या विनंतीमागे जादा बाइट असतात की नाही, हे अजून कुणी बघितलेलंच नाही. उद्याच्या सकाळच्या पाळीत मी एनएफएसच्या पोर्ट २०४९ वर टीसीपीडंप (नेटवर्कवरचे बाइट टिपणारं साधन) लावते. रेकॉर्ड मार्करमधली लांबी आणि वायरशार्कने (टिपलेलं उलगडून दाखवणारं साधन) उलगडलेले बाइट जुळतात का ते बघू.

महापेकर
आधी लॉग, मग नकार: चालेल मला. कॅप्चर मात्र पाळी सुरू व्हायच्या आधी लावा. कंट्रोलर चालू होतानाच्या पहिल्या विनंत्या वेगळ्या असतात, त्याही त्यात यायला हव्यात.