बारोलो या इटालियन लाल वाइनची एक बाटली फोडली, दुसरीचं काय करू? (नागपूर)

मंडळी, प्रश्न थोडा घाईचा आहे, कारण अर्धी बाटली फ्रीजमध्ये आहे आणि ती किती दिवस टिकेल ते ठाऊक नाही.

भाचा इटलीत तोरिनोला शिकतो. दिवाळीला आला तेव्हा बारोलोच्या दोन बाटल्या घेऊन आला, दोन्ही २०२० सालच्या. (विमानाने दोन लिटरपर्यंतच ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणून दोनच.) देताना बजावलं, "मामा, दहा वर्षं हात लावू नका." मी चोपन्न वर्षांचा आहे. भाऊबीजेला पाहुणे होते, सावजी मटण होतं, राहवलं नाही.

माझी पातळी सांगून ठेवतो. नाशिकच्या लाल वाइन बऱ्यापैकी प्यायलोय, शिराझ आवडते. बाहेरची वाइन म्हणाल तर लग्नाकार्यात मिळाली तेवढीच.

ग्लासात ओतली तर रंग फिका. शिराझ कशी जांभळी-काळी दिसते, ही कोकम सरबतासारखी, ग्लासामागचं बोट दिसत होतं. मेहुणे म्हणाले, "पाणी घातलं का बे यात?" वास मात्र सुरेख. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, आणि मागे कुठेतरी नव्या रस्त्याच्या डांबरासारखं काहीतरी. मग घोट घेतला आणि हिरड्या अशा ओढल्या गेल्या की बोलता येईना. लहानपणी कच्ची टेंभरं खाल्ली असतील त्यांना लगेच कळेल. वर सावजीचा रस्सा, म्हणजे घशात आगच. चौघांनी अर्धा-अर्धा ग्लास घेतला आणि सभ्यपणे खाली ठेवला.

वाइन खराब झालीय की ही अशीच असते? असेलच अशी, तर दहा वर्षांनी चांगली होईल हे आज चव घेऊन कसं ओळखायचं? आणि दुसरी बाटली नागपुरात ठेवायची तरी कुठे?

तर्रीबाज:
भाऊ, सावजीसोबत उघडली? बाटलीचं बी नुकसान अन् मटनाचं बी. सावजीले थंडगार बियर लागते, बस.

द्राक्षवेडा, नाशिक:
खराब नाही. बिघडलेली वाइन आधी नाकाला कळते. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा आला तर ती आंबली. तुम्ही गुलाब आणि डांबर लिहिलंत. बारोलो ज्या नेबियोलो द्राक्षाची करतात, त्याचं वर्णन जगभर याच दोन शब्दांत करतात. मेहुण्यांनाही सांगा, रंग फिकाच असतो. या द्राक्षाच्या सालीत रंग बेताचा आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर. शिराझची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

हिरड्या ओढल्या गेल्या ते टॅनिनमुळे. कोरा चहा जरा जास्त उकळून प्या, तोच अनुभव येईल. त्यात दूध घातलं की चहा मऊ होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. दूध नसलं की टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ कोरडी पडते. नुसतं मटण असतं तर त्याने मदतच केली असती. पण तिखट आणि साडेचौदा टक्के अल्कोहोल एकत्र आले की एकमेकांना पेटवतात. वाइन थंड केली होती का? "रूम टेंपरेचरला प्या" हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांसाठी आहे, १६ ते १८ अंशांचा. आपल्या दिवाणखान्याचा नव्हे.

बारोलो नियमाप्रमाणे किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. म्हणजे २०२० ची बाटली २०२४ च्या आधी दुकानात आलीच नसेल. ती आत्ता कुठे बाहेर पडली आहे.

आता ओळखायचं कसं. तुरटपणा किती हे मोजू नका, तो ओसरल्यावर मागे काय उरतं ते बघा. चेरीसारखं काही फळ जाणवतं का? जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? म्हणजेच आंबटपणा शाबूत आहे का? गिळल्यावर मनात आकडे मोजा. दहा-बारापर्यंत चव रेंगाळली तर बाटलीत दम आहे. पाच म्हणेपर्यंत फक्त कोरडेपणा उरला तर थांबून उपयोग नाही. वर्षांनी टॅनिन एकमेकांना जोडून मऊ होतं, काही गाळ होऊन तळाशी बसतं, पण आज नसलेलं फळ कुठून येणार? कैरीच वाईट असेल तर लोणचं कितीही मुरवा.

उरलेली अर्धी ओतू नका. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, रोज संध्याकाळी अर्धा ग्लास काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि प्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुधारत गेली तर बंद बाटलीही टिकेल असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, हमी नाही.

धागाकर्ता:
थंड केली नव्हती, कपाटातून काढून थेट फोडली. चूक मान्य. आज दुसरा दिवस. हिरड्या अजून ओढतात, पण आता मध्येच चेरी येते, आणि डाळिंबाच्या सालीसारखं काहीतरी. आकडे मोजले. नऊ. बायको म्हणाली, बोटं मोजत दारू पिणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

एसीवाला:
साठवणुकीबद्दल माझ्या धंद्यातलं सांगतो. वाइनला १२ ते १४ अंश लागतात, तेही वर्षभर तेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलरच्या खोलीत ठेवणार असाल तर ती बाटली नवतप्यातच संपली समजा. उष्णतेने बूच वर सरकतं, कडेने पाझरतं, आणि चव शिजवलेल्या जॅमसारखी होते. साधा फ्रीज चारेक अंशांवर असतो आणि आतली हवा कोरडी, बूच सुकतं. काही महिने चालेल, दहा वर्षं नाही. वाइन फ्रीज घेणार असाल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिकवाले स्वस्त मिळतात, पण ते खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली नेऊ शकतात. चाळिशीच्या खोलीत मग किती राहील, तुम्हीच बघा.

महालवाली:
जुन्या वाड्यांत तळघरं असायची ना? तिथे ठेवायची आडवी करून. आमच्या आजी तुपाचे डबे ठेवायच्या.

एसीवाला:
ताई, तुपाला चालेल. जमिनीखाली खोल गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. इटलीच्या त्या भागात ती सरासरी बारा-तेरा अंश आहे, म्हणून त्यांची तळघरं फुकटात चालतात. नागपूरची सरासरी सत्तावीसच्या आसपास. कितीही खणा, हातात सत्तावीसच.

धागाकर्ता:
तळघर आमच्याकडेही आहे, आजोळच्या वाड्यात. पण ते वर्ध्यात! अख्खा जिल्हा दारूबंदीचा. बाटली वाचवायला जायचो आणि जामिनासाठी भाच्याला बोलवावं लागायचं.

तर्रीबाज:
मी म्हणतो दुसरी बी येत्या थंडीत पिऊन टाका. डिसेंबरात पारा दहावर येते, टेरेसवर ठेवली का झालं. दहा वर्षं कोन पायली?

द्राक्षवेडा, नाशिक:
यात चूक काही नाही. फक्त दोन-तीन तास आधी मोठ्या भांड्यात ओतून ठेवा, आणि सोबत चीज किंवा कमी तिखटाचं मटण. पण तिसऱ्या दिवसाचं काय झालं ते आधी लिहा.

धागाकर्ता:
तिसरा दिवस. काल रात्री शेवटचा ग्लास घेतला, सोबत भाजलेलं पनीर आणि मिरी, बाकी काही नाही. तुरटपणा आहे, पण तो आता हिरड्यांवर न बसता जिभेवर पसरतो, मखमलीच्या उलट्या बाजूवरून हात फिरवल्यासारखा. गुलाब पहिल्या दिवसापेक्षा जास्त. चौदापर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. संपली तेव्हा वाईट वाटलं, आणि भाऊबीजेला चार जणांनी खाली ठेवलेले ते चार ग्लास आठवले. सिंकमध्ये गेले होते.

भाच्याला फोन करून सगळं सांगितलं. आधी पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, त्याच्या घरमालकिणीचं इमारतीखाली तळघर आहे, बटाटे आणि वाइन दोन्ही तिथेच असतात. जानेवारीत परत जाताना बाटली सामानात घालून घेऊन जाईल. म्हणजे नागपूर बघून ती परत माहेरी. माझं नाव चिकटवायला सांगितलंय, नाहीतर तिथली मंडळी पिऊन टाकतील.

तोवर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली आहे, कोथिंबिरीच्या जुडीखाली. दोन महिने तिथे चालेल ना, एसीवाले?

एसीवाला:
चालेल. फक्त दाराच्या कप्प्यात ठेवू नका, उघडझाप फार होते.