धुळे, जळगाव, भुसावळ, मालेगाव : शहराचा राजकीय कल नेमका मोजायचा कसा?

पांझराकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. खान्देशातल्या शहरांची राजकीय तुलना करणारी एक टिपणी तयार करतोय. "जळगाव भाजपचं, मालेगाव काँग्रेसचं, धुळ्याचा भरवसा नाही" असं लोक सर्रास बोलतात. आकडे काढायला बसलो तर लोकसभेचं चित्र वेगळं, विधानसभेचं वेगळं, महापालिकेचं तर तिसरंच. कोणता आकडा धरायचा? आणि मतदारसंघाच्या आकड्यातून फक्त शहराची मतं वेगळी कशी काढायची?

मोसमपूल

भाऊ, आधी हद्द बघा. धुळे लोकसभेत धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे निम्मा भाग नाशिक जिल्ह्यातला. २०२४ ला काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच ठिकाणी पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि निकाल फिरला. त्यामुळे "धुळ्यानं काँग्रेस निवडली" हे वाक्य धुळे शहराला लागू पडत नाही.

आता मालेगाव मध्यकडेच बघा. १९९९ पर्यंत निहाल अहमद यांच्यामुळे हा जनता दलाचा गड. मग काँग्रेस, २००९ ला जनसुराज्य पक्ष, २०१४ ला पुन्हा काँग्रेस, २०१९ आणि २०२४ ला एमआयएम. लोकसभेला एकगठ्ठा मतदान करणाऱ्या याच मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेला निकाल लागला अवघ्या १६२ मतांनी. लोकसभेला प्रश्न असतो दिल्लीत कोण नको याचा. विधानसभेला यंत्रमाग, वीजदर, मोहल्ल्यातली माणसं आणि आपसातले गट येतात. या दोन मतदानांची सरासरी काढू नका, दोन्ही स्वतंत्र मांडा.

शिवाय मालेगाव शहर एका मतदारसंघात मावत नाही. मोसम नदीच्या अलीकडचा कॅम्प, संगमेश्वरचा भाग "बाह्य"मध्ये जातो आणि तिथून शिवसेनेचे दादा भुसे निवडून येतात. फक्त "मध्य" घेऊन "मालेगाव शहर" असं लिहिलंत तर शहराचा एक भाग वगळला जाईल.

यादीभाग

शहराची मतं वेगळी काढायची तर फॉर्म २० शिवाय इलाज नाही. मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक ते हेच, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभानिहाय मिळतं. पण त्यात केंद्राचा नुसता क्रमांक असतो, गल्लीचं नाव नसतं. म्हणून त्याच निवडणुकीची मतदार यादी सोबत घ्या. प्रत्येक यादी भागाच्या पहिल्या पानावर त्यात कोणती वस्ती येते ते छापलेलं असतं. त्यावरून केंद्रापुढे "शहर" किंवा "गाव" असा शेरा मारा. धुळे शहर आणि जळगाव शहरात हे काम थोडं आहे. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेरला मात्र शहराला लागून भरपूर खेडी आहेत, तिथे हे केल्याशिवाय तुलना करूच नका.

चुका कुठे होतात ते सांगतो. जुनी पत्रकं स्कॅन केलेली असतात, ३ चा ८ होतो. प्रत्येक ओळीची बेरीज शेवटच्या रकान्याशी ताडून बघा. टपाली मतं खाली वेगळ्या ओळीत असतात, ती कुठल्याच वस्तीत टाकू नका. आणि केंद्र क्रमांक दर निवडणुकीला सरकतात, कारण मतदार वाढले की केंद्र फोडून नवं करतात. २०१९ चं केंद्र ११२ आणि २०२४ चं ११२ एकच समजलात तर सगळी तुलना वाया गेली. क्रमांक सोडा, वस्ती जुळवा.

२००९ च्या मागे तर जाऊच नका. मतदारसंघांच्या पुनर्रचनेआधी धुळे लोकसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती, एरंडोल लोकसभा अस्तित्वात होती, रावेर नव्हती.

गिरणामाय

महापालिकेच्या आकड्याबद्दल. हे काम राज्य निवडणूक आयोगाचं, त्यामुळे कागद वेगळ्या ठिकाणी मिळतील. चार सदस्यांच्या प्रभागात एक मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो. पक्षाची सगळी मतं बेरजेला धरून टक्केवारी काढली तर मतदारसंख्येच्या चौपट आकडा येतो आणि लोक गोंधळतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची टक्केवारी आधी वेगळी काढा. आणि हो, एकाच प्रभागात पहिलं मत एका पक्षाला, चौथं भलत्यालाच, हे नेहमीचं आहे. तिथे मत माणसाला असतं.

जळगाव याचं ठळक उदाहरण. सुरेश जैन २००४ ला राष्ट्रवादीकडून निवडून आले, २००९ ला शिवसेनेकडून. पक्ष बदलला, शहर तेच. २०१४ पासून सुरेश भोळे भाजपचे आमदार. २०१८ ला महापालिकेत भाजपनं ७५ पैकी ५७ जागा घेतल्या आणि २०२१ मध्ये नगरसेवक फुटून महापौर शिवसेनेचा झाला. नगरसेवक फुटला म्हणजे मतदार फिरला असं नाही. जागांवरून कल सांगू नका, मतांवरून सांगा.

शहरागणिक वस्ती कशी बसली हेही मांडा. भुसावळ म्हणजे रेल्वे, आयुध निर्माणी, बाहेरून आलेला नोकरवर्ग आणि मोठा आंबेडकरी समाज; विधानसभा राखीव, तीही अनुसूचित जातीसाठी. अमळनेरला गिरणी कामगार आणि साने गुरुजींचा वारसा, तरी २००९ आणि २०१४ ला अपक्षच आमदार झाले. जळगावात सराफ, डाळ मिलवाले, व्यापारी.

पांझराकाठ

फार उपयोग झाला, धन्यवाद. मग धुळे शहराचं काय? २०१९ ला फारुक शाह एमआयएमकडून तीन हजारांच्या आसपास मतांनी आले, २०२४ ला भाजपचे अनुप अग्रवाल मोठ्या फरकानं. पाच वर्षांत शहर एवढं बदललं का?

यादीभाग

शहर नाही बदललं, उमेदवारांची संख्या आणि मतविभागणी बदलली. २०१९ ला बाकीची मतं दोन-तीन जणांत फुटली होती. विजेता बघू नका. दोन्ही वर्षांचा फॉर्म २० घ्या, जुनं धुळे आणि देवपूर या शहरातल्या दोन भागांची केंद्रं वेगळी करा, आणि पहिल्या तिघांची मतं शेजारी शेजारी मांडा.